पोपटीचा अर्धा तास

थंडी पडली की आमच्या रायगडात, अलिबाग-पेण-पनवेलकडे, संध्याकाळी शेतात धूर दिसायला लागतो. ती पोपटी.

ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. कुणी बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडीही घालतं. तोंड पाल्यानेच गच्च बंद करायचं, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा, गोवऱ्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब घालायचा नाही! शेंगा-पाल्याच्या ओलाव्यावरच सगळं शिजतं. अर्ध्याएक तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र झालं की पोपटी तयार.

खरी मजा त्या अर्ध्या तासाची. उजेड असेपर्यंत पोरं लगोरी खेळतात, मग कुणी ढोलकी काढतं, भजनातले काका सूर लावतात. पाला एकाने आणलेला, शेंगा दुसऱ्याच्या, मडकं तिसऱ्याचं.

आता पैसे भरूनही पोपटी मिळते. मिळू दे, चार घरांना उत्पन्न होतं. पण हा वाल भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर येतो. शेत विकून प्लॉट पडले की वाल गेला, बांधावरचा भांबुर्डाही गेला. मग बाजारातून शेंगा आणून पोपटी लागेलही. पण ‘आमच्या शेतातल्या घे’ म्हणणारं कुणी उरणार नाही.

तेव्हा यंदा बोलावणं आलं तर नुसतं जेवायला जाऊ नका. पाला खुडायला वेळेवर पोचा. भेटू पुढच्या भागात!