सोपें जेवण, सर्वांची करमणूक



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस हसूं येईल. छत्तीस वर्षें खडू-फळ्याशीं संसार केलेल्या मास्तरानें शुद्धलेखन सोडून खिचडी-पिठल्याविषयीं कां बोलावें, अशी शंका येणें साहजिक आहे. परंतु घरांत संध्याकाळीं काय शिजतें आणि घरचीं माणसें त्या वेळीं कशांत रमतात, या दोन गोष्टींवर त्या घराचें सुख पुष्कळसें अवलंबून असतें, असें माझें मत वाढत्या वयाबरोबर दृढ होत गेलें आहे. शिवाय या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या नाहींत. जेवण खटाटोपाचें असलें, कीं घरांतल्या एका तरी माणसाच्या करमणुकीवर पाणी पडतें; आणि तें माणूस कोण, हें निराळें सांगावयास नको. तेव्हां करमणूक सर्वांची व्हावयाची असेल, तर त्या दिवशींचें जेवण सोपें असावें, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

मी राहतों तें कोयनानगर पाटण तालुक्यांत, कराडहून चिपळूणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कुंभार्ली घाटाच्या अलीकडे आहे. शेजारीं हेळवाक हें जुनें गांव. कोयनेवर १०३ मीटर उंचीचें धरण बांधण्याचें काम १९५६ च्या सुमारास सुरू होऊन १९६४ सालीं पुरें झालें. त्या कामाच्या निमित्तानें ही वसाहत उभी राहिली. येथें वर्षाकाठीं सुमारे ५००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो. दिवेलागणीलाच दारें लागतात, कौलांवर पावसाचा एकसारखा आवाज चालूं असतो, आणि रात्र कांहीं केल्या सरत नाहीं. अशा ठिकाणीं करमणुकीसाठीं बाहेर जाण्याची सोय नसते. ती घरांतच, असलेल्या माणसांत, करून घ्यावी लागते.

आपला सातारा-सांगलीचा मुलूख करमणुकीच्या बाबतींत कधींच दरिद्री नव्हता. १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ हें नाटक केलें, तें सांगलीस, तेथील पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानें. लावणीचे नामवंत शाहीर पठ्ठे बापूराव वाळवें तालुक्यांतील रेठरें हरणाक्षचे. कीर्तन, भजन, भारूड यांस तर गांवोगांव तोटा नव्हता. परंतु हें सर्व ऐकलें कोणीं, असा प्रश्न मी केला, तर उत्तर देतांना आपल्याला थोडें थांबावें लागेल.

गांवची जत्राच घ्या. जत्रेला पै-पाहुणे येतात. एके दिवशीं देवाला पुरणपोळीचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशीं मटणाचा रस्सा आणि भाकऱ्यांची चळत. पाहुणे पंगतीला बसतात, तृप्तीचा ढेकर देतात आणि पटक्याचा शेव सांवरीत तमाशाच्या कनातीकडे किंवा देवळांतल्या भजनाकडे वळतात. घरची बाई मात्र शेवटची पंगत उठवून, खरकटें काढून, भांडीं घासून पाठ टेकते, तेव्हां देवळांत भैरवी सुरू झालेली असते. तमाशाला तिनें जाऊं नये असा रिवाज होता, तो एक वेळ बाजूला ठेवूं. पण कीर्तनाला जाण्याला तिला कोणाचीच मनाई नव्हती. तिला अडवीत होती ती केवळ चूल. पूर्वरंग तिनें ऐकलाच नाहीं आणि उत्तररंग पेंगत ऐकला, अशा किती पिढ्या होऊन गेल्या असतील!

पुढें रेडिओ आला. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें; पुण्याचें केंद्र १९५३ सालीं, तर आपल्या सांगलीचें १९६३ सालीं. करमणूक उंबरठा ओलांडून घरांत आली, ही लहान गोष्ट नव्हे. १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, पुणें केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालें. आठवड्यास एक गीत याप्रमाणें वर्षभराचीं बावन्न गीतें व्हावयाचीं होतीं. पण त्या वर्षीं अधिक मास आल्यामुळें तीं छप्पन्न झालीं. तें लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे शेटफळें गांवीं जन्मलेले, म्हणजे आपल्याच माणदेशांतले. चाली सुधीर फडक्यांच्या. रेडिओला हार घालून आणि उदबत्ती लावून घरेंच्या घरें ऐकावयास बसत, असें वडील मंडळी सांगत. एक गीत कांहीं मिनिटांचें असतें. तेवढा वेळ तवा उतरवून ठेवणें कोणालाहि साधतें. पण तासाभराचें नाटक किंवा रात्रभराची संगीतसभा असली, म्हणजे काय होतें?

आमच्या बिऱ्हाडांत काय होत असे तें सांगतों. वडील धरणाच्या कामावर नोकरीस होते. रेडिओ आम्हां चार-पांच बिऱ्हाडांत मिळून एकच होता, आणि नाटक असलें कीं सगळ्यांचीं मुलें-माणसें त्या एका खोलींत जमत. माझी आई भिंतीच्या पलीकडे स्वयंपाक करी. तिला आवाज ऐकूं येत असे. पण फोडणी चरचरली कीं एक वाक्य जाई, कुकराची शिटी झाली कीं दुसरें जाई. मी जेवावयास बसलों म्हणजे ती हळूच विचारी, “शेवटीं त्या मुलीचें काय झालें रे?” मी सांगत असें, आणि मला तें सांगण्याची मोठी हौस होती. परंतु गोष्टीचा शेवट दुसऱ्याच्या तोंडून कळणें आणि ती गोष्ट स्वतः ऐकणें, यांत उष्ट्या आंब्याच्या कोयीचें आणि अख्ख्या आंब्याचें अंतर आहे.

या माझ्या आईला सगळ्यांच्या बरोबरीनें बसून भजन ऐकतांना मीं प्रथम पाहिलें, तो प्रसंग मोठा विलक्षण आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. सुमारे पावणेदोनशे माणसें दगावलीं. कोयनानगरांतलीं बहुतेक घरें पडलीं किंवा राहण्याजोगीं उरलीं नाहींत. मी तेव्हां सात वर्षांचा होतों. पुढें कित्येक रात्रीं आम्ही उघड्यावर, ताडपत्रीखालीं काढल्या. चुली वेगळ्या राहिल्याच नव्हत्या. तीन दगडांवर एक मोठें पातेलें, त्यांत डाळ-तांदूळ एकत्र, आणि ज्याच्या हातीं ताट असेल त्याला तें वाढावयाचें, एवढाच स्वयंपाक. भय घालविण्यासाठीं कोणी तरी टाळ काढी. त्या वर्तुळांत बायकाहि बसत, कारण आंत जाऊन करण्याजोगें कांहीं कामच नव्हतें आणि ‘आंत’ म्हणून जागाहि नव्हती. तेवढ्या दुःखांतहि आईचा चेहरा अभंग ऐकतांना स्थिर झालेला मला स्पष्ट आठवतो. पुढें घरें उभीं राहिलीं, चुली निरनिराळ्या झाल्या, आणि आई पुन्हां भिंतीपलीकडे गेली. संकटाच्या रात्रीं जें सहज साधलें, तें सुखाच्या दिवसांत आठवड्यांतून एकदां साधावयास काय हरकत आहे?

साधावयाचें कसें, तें आतां सांगतों. माझी अट एवढीच, कीं करमणूक सुरू होण्याच्या वेळीं चुलीपाशीं कोणी उभें असतां कामा नये. याला तीन प्रकार मला अनुभवानें सोईचे वाटले आहेत.

पहिला प्रकार खिचडीचा. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवावी. तुपाची जिरें-हिंगाची फोडणी करून हळद घालावी, त्यावर डाळ-तांदूळ परतावे, सात वाट्या आधणाचें पाणी आणि मीठ घालून झांकण ठेवावें. मंद आंचेवर पंचवीस मिनिटांत पांच माणसांची मऊ खिचडी होते. पातेलें जाड फडक्यांत गुंडाळून ठेवलें, तर नाटकाचा पहिला अंक संपेपर्यंत तें निवत नाहीं. वर तूप, सोबत भाजलेला पापड आणि लोणचें.

दुसरा प्रकार पिठलें-भाकरीचा. एक वाटी बेसन तीन वाट्या पाण्यांत गुठळी न राहूं देतां कालवावें. तेलाच्या फोडणींत लसूण, हिरवी मिरची व कांदा परतून तें पाणी ओतावें, सारखें ढवळावें आणि झांकण ठेवून पांच-सात मिनिटें वाफ आणावी. आमच्या डोंगराळ भागांत बेसनाऐवजीं हुलग्याचें पीठ घेतात आणि त्यांत दोन आमसुलें टाकतात. पावसाळ्यांत तर हेंच अधिक रुचतें. भाकरी मात्र ऐन वेळीं थापण्याचा आग्रह सोडावा. पिठाची उकड काढून केलेली तांदळाची किंवा नाचणीची भाकरी दुपारीं भाजून फडक्यांत ठेवली, तर रात्रींहि मऊ राहते. गरम भाकरी तव्यावरून ताटांत पडावी, ही खाणाराची चैन आहे. तिची किंमत करणारी भरते.

तिसरा प्रकार आंबिलीचा. चार चमचे नाचणीचें पीठ वाटीभर ताकांत कालवून रात्रभर आंबवावें. दुसऱ्या दिवशीं चार वाट्या पाणी उकळून त्यांत तें सोडावें, चकाकी येईपर्यंत शिजवावें, आणि निवल्यावर आणखी दोन वाट्या ताक, मीठ, जिऱ्याची पूड घालावी. ही सकाळीं करून ठेवली तरी चालते, आणि भांड्यानेंच पितां येत असल्यामुळें ताटांचाहि खटाटोप नाहीं. नाचणीला गरिबाचें धान्य म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, कीं १०० ग्रॅम नाचणींत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतें. तांदुळांत तें याच्या दहाव्या हिश्श्याइतकेंहि नसतें.

मीं हीं प्रमाणें वाटी-चमच्यानें सांगितलीं, तीं हेतुपुरस्सर. “अंदाजानें घालावें” असें म्हटलें, कीं तो अंदाज एकाच बाईच्या हातांत अडकून राहतो, आणि तिच्यावांचून घर उपाशी बसतें. कुंडलच्या कमलाबाई ओगल्यांचें ‘रुचिरा’ हें पुस्तक १९७० सालीं निघालें. त्यांत मापें वाटी-चमच्याचीं दिलेलीं असल्यामुळें नवशिक्यांस स्वयंपाकघरांत शिरण्याचें धैर्य आलें. माप ठाऊक असलें, कीं मुलगाहि खिचडी टाकूं शकतो आणि आजोबाहि पिठलें ढवळूं शकतात. आमच्या घरीं शनिवारची खिचडी माझा चौदा वर्षांचा नातू करतो. मीठ कधीं कमी पडतें, तें वरून घेतां येतें.

आतां करमणुकीकडे वळूं. ती एकाच्या आवडीची असूं नये आणि सर्वांच्या आवडीची असावी, हें ऐकावयास सोपें, पण पाळावयास कठीण आहे. नभोवाणीवर ‘आपली आवड’ नांवाचा कार्यक्रम लागत असे. त्या नांवांतला ‘आपली’ हा शब्द मला मोलाचा वाटतो. एका घरांतून आलेल्या पत्रावर गाणें लागे आणि तें हजारों घरें ऐकत. दुसऱ्याच्या आवडीचें गाणें ऐकतां ऐकतां तें आपल्याहि आवडीचें होऊन जाई. घरांतहि तोच न्याय लावावा. दर आठवड्याला निवड करण्याची पाळी एकाची. माझी पाळी असली म्हणजे मी जुनें नाट्यसंगीत लावतों. सुनेच्या पाळीला चित्रपट असतो. धाकट्या नातीच्या पाळीला गाण्याच्या भेंड्या ठरलेल्या. नातवाच्या पाळीला क्रिकेट. तें पाहतांना मी त्याला बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनाच्या गोष्टी सांगतों. पाळी कोणाचीहि असो, मध्यें उठून जावयाचें नाहीं आणि नाक मुरडावयाचें नाहीं, एवढे दोन नियम.

हल्लीं प्रत्येकाच्या हातांत स्वतंत्र यंत्र आहे, आणि कानांत बोंडें घातलीं कीं शेजारच्याला कांहीं ऐकूं जात नाहीं. त्या यंत्राला मी दोष देत नाहीं. आमच्याकडे चित्रपट त्याच यंत्रावर, तें पिठाच्या डब्याला टेकून ठेवून, सगळ्यांनीं दाटीनें बसून पाहिला जातो. दोष आहे तो एका घरांत पांच माणसांनीं पांच ठिकाणीं हसण्यांत. एकटा हसलेला माणूस तें हसूं उद्यां विसरतो. पांच जण मिळून हसले, तर तो विनोद घरांत दहा वर्षें पुरतो.

शेवटीं एक विनंति. आमच्या कोयनेच्या खोऱ्यांतलीं तरुण माणसें पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माथाडीच्या आणि इतर कामांवर गेलेलीं आहेत. मागें राहिलेल्या पुष्कळ घरांत एखादी म्हातारी किंवा म्हातारा एकटाच असतो. एका माणसासाठीं चूल पेटवावयास त्यांना उत्साह वाटत नाहीं. दूध-भाकरी कुस्करून ते निजतात. सोप्या जेवणाचा एक मोठा गुण असा, कीं त्यांत आणखी एक वाटी तांदूळ घालावयास कष्ट पडत नाहींत. येत्या शनिवारीं तेवढी एक वाटी वाढवा, शेजारच्या आजींना अंधार पडण्यापूर्वीं हात धरून आणा, आणि निवडीची पहिली पाळी त्यांना द्या. त्यांनीं कधीं काळीं अर्धवट ऐकून सोडलेलें एखादें नाटक, कीर्तन किंवा गाणें त्यांच्या मनांत खास असेल. त्यांना तें शेवटपर्यंत ऐकूं द्या.