कुरतडलेलं पान आणि माहुलची खिडकी

मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर, राहायला माहुलला. आजचा विषय आहे घरच्या बागेतली देशी झाडं. आता बाग म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांसमोर बंगला, लॉन आणि झोपाळा आला, त्यांनी जरा थांबा. आमच्या वसाहतीतली घरं सव्वादोनशे चौरस फुटांची आहेत. इथे बाग म्हणजे खिडकीचं ग्रिल, गच्चीचा कोपरा, नाहीतर बिल्डिंग आणि कंपाउंडच्या भिंतीमधली चार फुटांची पट्टी. आज बोलायचंय ते एवढ्याशाच जागेबद्दल.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते, कारण माहुलचं नाव घेतलं की हा प्रश्न येतोच: "झाडं लावली की हवा सुधारेल ना?" उत्तर आहे, नाही. आमच्या शेजारी रिफायनऱ्या आहेत, खतांचा कारखाना आहे, केमिकलच्या टाक्या आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं सांगितलं की माहुल आणि आंबापाड्याच्या हवेमुळे तिथल्या लोकांच्या आरोग्याला धोका आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सरकारला बजावलं की इथे आणून बसवलेल्या प्रकल्पग्रस्तांना दुसरीकडे घरं द्या, नाहीतर दरमहा १५,००० रुपये भाडं द्या. हा प्रश्न कायद्याचा, यंत्रणेचा आणि पुनर्वसनाचा आहे. माझ्या चार कुंड्यांनी तो सुटत नाही. आणि कुणी भिंतीवर हिरवळ चिकटवून तो सुटल्यासारखं दाखवत असेल, तर त्याला प्रश्न विचारायचे सोडू नका.

मग कुंड्या कशाला? तर जेवणासाठी. आपल्या नव्हे, अळ्यांच्या.

आमच्या फील्डमधला एक शब्द वापरते, डिपेंडन्सी. एखादं सॉफ्टवेअर चालायला दुसरं एखादं ठरावीक पॅकेज लागतंच, ते नसेल तर सगळं ठप्प. फुलपाखराचं तसंच आहे. मोठ्या झालेल्या फुलपाखराला मध कुठल्याही फुलाचा चालतो. घाणेरी असो, झेंडू असो, ते बसतं. आपण फोटो काढतो आणि समजतो की आपली बाग निसर्गाला मदत करतेय. पण त्याची अळी एवढी उदार नसते. तिला ठरावीकच झाडाचं पान लागतं. लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन ही दोन फुलपाखरं लिंबू, कढीपत्ता, बेल अशा झाडांवर अंडी घालतात. प्लेन टायगर रुईवर. कॉमन एमिग्रंट बहाव्यावर आणि टाकळ्यावर. झेब्रा ब्लू नावाचं चिमुकलं फुलपाखरू चित्रकावर. ते झाड परिसरात नसेल तर फुलपाखरू येईल, मध पिईल आणि निघून जाईल. पुढची पिढी तिथे होणार नाही.

आता आपल्या सोसायट्यांमध्ये काय लावलेलं असतं ते आठवा. अरेका पाम, मूळचा मादागास्करचा. गुलमोहर, तोही तिथलाच. बोगनवेल दक्षिण अमेरिकेची. मनी प्लांट पॅसिफिक महासागरातल्या एका बेटाचा. अहो, दसऱ्याचं तोरण ज्याच्याशिवाय होत नाही तो झेंडूसुद्धा मेक्सिकोकडून आलेला! मी काही त्यांना देशाबाहेर काढा म्हणत नाहीये. झेंडू आता आपलाच आहे. प्रश्न एवढाच आहे की आपल्या अख्ख्या हिरव्या यादीत कुणाला खाता येईल असं किती आहे.

आणि 'देशी' म्हणजे काही धर्म नव्हे, हेही सांगते. पानफुटी मूळची मादागास्करची, पण रेड पिएरो नावाच्या आपल्या फुलपाखराची अळी ती मजेत खाते. असे अपवाद आहेत. तरीही नियम टिकून आहे: इथल्या किड्यांनी हजारो वर्षं ज्या पानांशी जुळवून घेतलं, ती पानं इथल्याच झाडांची आहेत.

बरं, अळ्यांचं एवढं कौतुक का? कारण त्यांच्यावर पक्षी जगतात. चिमणीचंच घ्या. २० मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो. २०१० पासून तो साजरा होतोय आणि त्यामागे आपल्या नाशिकचे मोहम्मद दिलावर आहेत. त्या दिवशी आपण लाकडी घरटी टांगतो, तांदूळ ठेवतो. छानच आहे. पण चिमणी स्वतः दाणे खात असली तरी पिल्लांना सुरुवातीला मुख्यतः किडे आणि अळ्या भरवते. शिंजीर दिवसभर फुलातला मध पितो, पण पिल्लांसाठी कोळी आणि किडे शोधत फिरतो. म्हणजे घरटं आपण दिलं, दाणे दिले, आणि बाळाचं जेवण मात्र स्प्रे मारून संपवलं.

अमेरिकेत यावर एक अभ्यास झालाय, २०१८ मध्ये छापून आलेला. वॉशिंग्टन डीसीच्या आसपासच्या घरांच्या बागांमध्ये संशोधकांनी कॅरोलिना चिकडी या चिमणीपेक्षा लहान पक्ष्याची घरटी पाहिली. बागेतली ७० टक्क्यांहून जास्त झाडी देशी असेल तरच त्या पक्ष्यांची संख्या टिकत होती. त्यातले एक संशोधक, डग्लस टॅलमी, नेहमी सांगतात की या पक्ष्याला एका वेळची पिल्लं वाढवायला ६,००० ते ९,००० अळ्या लागतात. आकडे तिकडचे आहेत, माहुलचे नाहीत. पण हिशेबाची पद्धत तीच.

आपल्याकडेही हे करून दाखवलेलं आहे. ठाण्याला घोडबंदर रोडवर ओवळेकर वाडी आहे. राजेंद्र ओवळेकर यांनी आपल्या शेतजमिनीवर फुलपाखरांची बाग उभी केली. जाळी नाही, पिंजरा नाही. अळ्यांना लागणारी झाडं लावली आणि फुलपाखरं आपापली आली. तिथे शंभराहून जास्त जातींची नोंद झालीय. दुसरं उदाहरण धारावीजवळचं, मिठी नदीच्या काठचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. ३७ एकर जागा, जिथे आधी शहराचा कचरा पडायचा. १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं आणि आज तिथे चक्क जंगल आहे. म्हणजे जमीन किती बिघडलेली आहे यावर सगळं संपत नाही. मात्र तिथे काय लावतो यावर बरंच ठरतं.

आता कामाचं बोलू. खिडकीत काय लावायचं?

एक, कढीपत्ता. बारा इंची कुंडी, भरपूर ऊन, तळाला पाणी जायला भोक. दोन, लिंबू. याला कुंडी मोठी लागते, पण फळ नाही आलं तरी पान आहेच. तीन, तगर. पांढरी फुलं देवाला आणि पानं ओलिअँडर हॉकमॉथ या देखण्या हिरव्या पतंगाच्या अळीला. चार, कोरांटी. काटे असतात, त्यामुळे ग्रिलच्या बाहेरच्या बाजूला. रुई लावायची असेल तर गच्चीवर लावा. तिचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते, लहान मुलं असतील तर सांभाळून.

आणि पाचवं झाड फुकट आहे. कुंडीत आपोआप उगवणारी आंबुटी. तीन पाकळ्यांसारखी पानं, चव आंबट. आपण तण म्हणून उपटतो. पेल ग्रास ब्लू हे नखाएवढं निळसर फुलपाखरू तिच्यावर अंडी घालतं. एका कुंडीत राहू द्या तिला.

यानंतरचा भाग सगळ्यात अवघड आहे: पान कुरतडलेलं दिसल्यावर शांत राहणं. आमच्याकडे यावरून रीतसर वाद झाला. आई म्हणाली, "अगं, पोह्यांना फोडणी द्यायला चार पानं शिल्लक नाहीत, आणि तू किड्यांना पोसतेस?" मुद्दा बरोबर होता. आम्ही तोडगा काढला. आता दोन कढीपत्ते आहेत, एक स्वयंपाकघराचा, एक अळ्यांचा. आईच्या झाडावर अळी दिसली की ती अलगद पानासकट उचलून दुसऱ्यावर ठेवते. पहिल्यांदा तिला वाटलं होतं की पानावर पक्ष्याची विष्ठा पडलीय. लहान अळी तशीच दिसते, शत्रूला फसवायला. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचलं तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग काढते, त्याला उग्र वास येतो. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिनाभर. झाड मरत नाही, पुन्हा पालवतं.

म्हणून स्प्रे नको. कडुनिंबाचं तेलसुद्धा नको, ते 'नॅचरल' असलं तरी अळ्यांना मारतंच. आणि मुंबईकरांनो, कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नका. आठवड्यातून एकदा तरी बशी रिकामी करून कोरडी करा. डेंग्यूचा डास पोसणं म्हणजे इकॉलॉजी नाही.

शेवटचा मुद्दा त्या चार फुटांच्या पट्टीचा. आमच्या बिल्डिंगमध्ये 'लँडस्केपिंग'चं कोटेशन आलं होतं: अरेका पाम, ड्युरांटाची कुंपणं, लॉनची गादी आणि महिन्याला एक फवारणी. मी मीटिंगमध्ये एक साधा तक्ता दाखवला. झाडाचं नाव आणि पुढे 'कोण खातं' हा रकाना. त्यांच्या यादीपुढे तो रकाना जवळपास रिकामा होता. आमची यादी अशी होती: कुंपणाला अडुळसा आणि कोरांटी, मधे तगर, मोकळ्या कोपऱ्यात एक बहावा, खाडीकडच्या बाजूला करंज, कारण खारी हवा त्याला सोसते. वड-पिंपळ मुद्दाम नाही, गटाराशेजारी त्यांची मुळं भारी पडतात. सगळं मान्य झालं नाही. लॉन राहिलं. पण कुंपण आपलं झालं आणि महिन्याची फवारणी रद्द झाली. रोपं वनविभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांमध्ये स्वस्तात मिळतात, चौकशी करा.

शिवडी-माहुलच्या चिखलात फ्लेमिंगो आले की आपण सगळे फोन घेऊन धावतो. याच फोनवर 'बटरफ्लाईज ऑफ इंडिया' ही वेबसाइट उघडा. कुठलं फुलपाखरू कुठल्या झाडावर वाढतं ते तिथे दिलेलं आहे. 'आयनॅचरलिस्ट' ॲपवर तुमच्या खिडकीतल्या अळीचा फोटो टाका, नाव कळेल आणि नोंदही राहील. ज्या वस्तीबद्दल फक्त धुराच्या बातम्या येतात, तिथे काय काय जगतंय याचा पुरावा आपल्या हातात असायला हवा. उद्या कुणी 'इथे काही शिल्लकच नाही' म्हणालं, तर तो कामाला येईल.

तर या आठवड्याचं काम: तुमच्याकडे जी झाडं आहेत त्यांची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा, कोण खातं. रकाना रिकामा राहिला तर एक कढीपत्ता आणा. पुढच्या वेळी बोलू पावसाळ्यात कुंडीतली माती कशी सांभाळायची यावर. तोवर काळजी घ्या. भेटू.