शेजाऱ्यांचे यजमानपण

दोन शेतांच्या बांधावर एखादी सामाईक विहीर असते, तेव्हा तिच्याभोवती घडणारा व्यवहार मोठा पाहण्यासारखा असतो. दोघे शेतकरी बांधाच्या वितीएवढ्या जागेसाठी वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या करीत असतात, एकमेकांच्या घरच्या लग्नकार्याला जात नाहीत, वाटेत भेटले तर मान फिरवितात. पण पाण्याची पाळी मात्र दोघेही पाळतात. दोन दिवस याचे, दोन दिवस त्याचे. विहीर एकट्याच्या ऐपतीने खणता आली नसती ही गोष्ट दोघांनाही ठाऊक असते, आणि पीक तर भांडण मिटेपर्यंत थांबत नाही.

शेजारी राष्ट्रांनी मिळून एखाद्या जागतिक क्रीडास्पर्धेचे यजमानपद मागावयाचे, ही अलीकडे रूढ झालेली चाल या विहिरीसारखीच आहे असे मला वाटते. दोन देशांत स्नेह असला म्हणजे ते असे एकत्र येतात, असा आपला सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात बहुधा उलटे घडते. फुटबॉलचेच उदाहरण घ्या. 2002 सालचा विश्वचषक जपान आणि दक्षिण कोरिया या दोन देशांनी भरविला. परंतु त्यांनी तो जोडीने मागितला नव्हता. दोघांनी स्वतंत्रपणे, मोठ्या चुरशीने आणि अफाट खर्च करून तो आपापल्यासाठी मागितला होता. 1996 च्या मे महिन्यात जागतिक फुटबॉल संघटनेने दोघांच्या पदरात अर्धा अर्धा टाकला. पुढे स्पर्धेच्या नावात कोणत्या देशाचे नाव आधी यावयाचे, यावरही तंटा झाला. अखेर अंतिम सामना जपानला आणि नावातील पहिले स्थान कोरियाला, अशी वाटणी ठरली. दहा मैदाने याची, दहा त्याची. इतका काटेकोर तराजू मित्रांमध्ये लागत नाही. तरीही स्पर्धा उत्तम झाली हे विसरता येत नाही.

आपल्या उपखंडात फुटबॉलच्या विश्वचषकाचा असा योग आलेला नाही. क्रिकेटच्या बाबतीत मात्र तो जपान आणि कोरिया यांच्या पंधरा वर्षे आधी आला, आणि त्याचा शेवटचा अंक कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर झाला. ही हकीकत सुरू होते ती मात्र लंडनमध्ये.

1983 च्या जून महिन्यात भारताने लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला, त्या वेळी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष नागपूरचे एन. के. पी. साळवे हे होते. अंतिम सामन्यासाठी त्यांनी पाहुण्यांकरिता दोन जादा प्रवेशपत्रे मागितली आणि ती नाकारली गेली, अशी गोष्ट सांगितली जाते. ज्या देशाचा संघ अंतिम सामना खेळत आहे, त्या देशाच्या मंडळाच्या अध्यक्षांना दोन खुर्च्या मिळू नयेत, ही गोष्ट साळव्यांना झोंबली. पाकिस्तानच्या मंडळाचे अध्यक्ष एअर मार्शल नूर खान हेही तेव्हा लंडनमध्ये होते. पुढचा विश्वचषक आपल्याकडे का नेऊ नये, हा प्रश्न या दोघांच्या बोलण्यात निघाला आणि तेथून पुढचे सारे घडले.

दोन खुर्च्यांवरून एवढा डोंगर उभा राहिला असे म्हणणे सुटसुटीत आहे, पण ते पुरते खरे नव्हे. पहिल्या तिन्ही स्पर्धा, 1975, 1979 आणि 1983 या सालांतल्या, इंग्लंडमध्येच झाल्या होत्या. त्या तेथेच व्हाव्यात हा जणू निसर्गनियम मानला जात होता. तो मोडावयाचा तर एकट्या भारताची किंवा एकट्या पाकिस्तानची शक्ती अपुरी होती. साळवे हे व्यवसायाने सनदी लेखापाल होते, आणि या कामी वक्तृत्वापेक्षा हिशेबाचाच उपयोग अधिक झाला. भारत आणि पाकिस्तान यांच्या संयुक्त समितीने सहभागी देशांना आणि लहान सहयोगी सदस्यांना इंग्लंडपेक्षा अधिक रक्कम देऊ केली. या खटपटीत कलकत्त्याचे जगमोहन दालमिया आणि पंजाबचे इंद्रजितसिंग बिंद्रा हे त्यांचे हात होते. आपल्याकडील हिवाळ्याचा दिवस इंग्लंडच्या उन्हाळ्यातील दिवसाइतका लांब नसतो, साठ षटकांचे डाव उजेडात कसे पुरे व्हावयाचे, अशी हरकत निघाली. तेव्हा साठांची पन्नास षटके केली गेली. ती आजतागायत पन्नासच राहिली आहेत. एका स्पर्धेपुरती काढलेली ही तोड साऱ्या जगाचा नियम होऊन बसली.

आता त्या वेळचे राजकीय हवामान आठवून पाहावे. 1986-87 च्या हिवाळ्यात राजस्थानच्या सीमेजवळ ‘ब्रासटॅक्स’ नावाच्या भारतीय लष्कराच्या प्रचंड कवायती चालल्या होत्या, आणि जानेवारीत तर दोन्ही बाजूंचे सैन्य समोरासमोर येऊन ठेपले होते. फेब्रुवारीत पाकिस्तानचे अध्यक्ष जनरल झिया उल हक कसोटी सामना पाहण्याच्या निमित्ताने जयपूरला आले आणि तणाव काहीसा निवळला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरच्या 8 तारखेस सिंधमधील हैदराबाद येथे विश्वचषकाचा पहिला सामना झाला. म्हणजे ज्या महिन्यांत रणगाडे वाळूत उभे होते, त्याच महिन्यांत दोन देशांचे कारकून सामन्यांची वेळापत्रके जुळवीत होते. त्या कारकुनांचे मला अधिक कौतुक वाटते.

ते वेळापत्रक नीट पाहिले म्हणजे पाण्याच्या पाळीची आठवण होते. सत्तावीस सामने, एकवीस गावे. त्यांपैकी चौदा गावे भारतातील आणि सात पाकिस्तानातील. ज्या गटात भारत होता त्याचे सगळे सामने भारतात. पाकिस्तानच्या गटाचे बहुतेक पाकिस्तानात, आणि कानपूर, जयपूर व पुणे येथे एकेक. उपांत्य सामना एक लाहोरला, एक मुंबईला. गटात पहिला येईल त्याने आपल्या घरी खेळावयाचे. यामुळे संघांना सीमा वारंवार ओलांडावी लागली नाही. नागपूरच्या श्रोत्यांना 31 ऑक्टोबरचा तो दिवस आठवत असेल. न्यूझीलंडला नुसते हरवून भागणार नव्हते, धावांच्या गतीने ऑस्ट्रेलियाला मागे टाकावयाचे होते. नाही तर उपांत्य सामन्यासाठी लाहोरचा रस्ता धरावा लागला असता. चेतन शर्माने ओळीने तीन त्रिफळे उडविले, आणि सुनील गावसकरने 88 चेंडूंत नाबाद 103 धावा केल्या. एकदिवसीय सामन्यांतील त्याचे ते एकमेव शतक. बत्तीस षटके आणि एक चेंडू एवढ्यात भारताने सामना जिंकला आणि मुंबईचे यजमानपण राखले.

साऱ्यांच्या मनात एकच चित्र होते: कलकत्त्याला अंतिम सामना, आणि त्यात भारत आणि पाकिस्तान. 4 नोव्हेंबरला लाहोर येथे पाकिस्तान ऑस्ट्रेलियाकडून अठरा धावांनी हरला. दुसऱ्या दिवशी मुंबईत गूचच्या शतकापुढे भारत पस्तीस धावांनी पडला. ज्यांनी घर सारवले, मांडव घातला, ते दोघेही पंगतीतून उठले होते, आणि पानावर बसणार होते इंग्लंड व ऑस्ट्रेलिया.

8 नोव्हेंबर 1987 या दिवशी ईडन गार्डन्सवर जे झाले, ते म्हणूनच मला त्या स्पर्धेतील सर्वांत मोलाचे वाटते. मैदान ओसंडून भरले होते. इंग्लंडने आपल्याला हरविले असल्यामुळे लोकांचा कल ऑस्ट्रेलियाकडे होता, आणि तो त्यांनी लपविला नाही. परंतु लोक आले, शेवटच्या षटकापर्यंत बसले, आणि परक्यांचा सामना त्यांनी आपलासा करून पाहिला. ऑस्ट्रेलियाच्या 253 धावा. इंग्लंडचा डाव चांगला रंगात आला असता कर्णधार गॅटिंगने बॉर्डरच्या पहिल्याच चेंडूवर बॅट उलटी फिरवून फटका मारण्याचे धाडस केले आणि तो झेलबाद झाला. इंग्लंड सात धावांनी मागे राहिले. या सामन्यात यजमानांपैकी मैदानावर कोणीच नव्हते असे मात्र नाही. दोन पंच होते. एक भारताचे राम गुप्ता आणि दुसरे पाकिस्तानचे मेहबूब शाह. दोन परक्या संघांमधला न्याय करण्यासाठी दोन शेजारी दोन टोकांना उभे होते, आणि त्यांच्या बोटाला जगाने मान दिला.

नऊ वर्षांनी पाळी पुन्हा आली. 1996 मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्या जोडीला श्रीलंका हा तिसरा यजमान होता. या वेळी अंतिम सामना लाहोरला आणि उद्घाटन कलकत्त्याला. स्पर्धा तोंडावर आली असता, जानेवारीच्या 31 तारखेस, कोलंबोच्या मध्यवर्ती बँकेवर भीषण बॉम्बहल्ला झाला. ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज यांनी कोलंबोला खेळावयास जाण्याचे नाकारले. यजमानाच्या घरी पाहुण्यांनी येण्याचेच नाकारावे, यापरता दुसरा अवमान नाही. त्या प्रसंगी उरलेल्या दोन यजमानांनी जे केले त्याला आपल्या उपखंडाच्या इतिहासात तोड सापडणे कठीण आहे. भारत आणि पाकिस्तान यांनी मिळून एक संघ केला आणि 13 फेब्रुवारीला तो कोलंबोला श्रीलंकेविरुद्ध मैत्रीचा सामना खेळला. कर्णधार अझरुद्दीन, तेंडुलकर, सईद अन्वर, वसीम अक्रम, वकार युनूस एकाच बाजूने. त्या दिवशीच्या धावफलकावर एक नोंद अशी आहे: कालुवितरणा, झेल तेंडुलकर, गोलंदाज वसीम अक्रम. क्रिकेटच्या वह्यांत याहून नामांकित बळी कितीतरी असतील. मला हा अधिक आवडतो.

आणि यानंतर बरोबर एक महिन्याने, 13 मार्चला, त्याच श्रीलंकेशी भारताचा उपांत्य सामना ईडन गार्डन्सवर झाला. श्रीलंकेच्या 251 धावा झाल्या. भारत एका गड्याच्या मोबदल्यात 98 पर्यंत पोहोचला होता. तेंडुलकर यष्टिचीत झाला, आणि पाहता पाहता 8 बाद 120 अशी दशा झाली. प्रेक्षकांतून बाटल्या येऊ लागल्या, बसण्याच्या जागी आगी पेटल्या. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी खेळाडूंना आत नेले, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न केला, आणि शेवटी सामना श्रीलंकेला बहाल केला. नाबाद राहिलेला विनोद कांबळी रडत मैदानातून परतला, ते दृश्य महाराष्ट्रातील घराघरांत पाहिले गेले.

या दोन दिवसांकडे पाहताना लोक म्हणतात की, कलकत्त्याचा प्रेक्षक जाणकार पण तापट आहे. या स्पष्टीकरणाने माझे समाधान होत नाही. 1987 साली आपण बाहेर पडलो हे लोकांना तीन दिवस आधीच कळलेले होते, आणि ते यजमान म्हणून मैदानावर आले. 1996 साली ते केवळ पक्षकार म्हणून आले. समोरचा संघ हा या स्पर्धेतील आपला भागीदार आहे, महिन्यापूर्वी त्याच्यासाठी आपली माणसे कोलंबोला गेली होती, हे मंडळाच्या कचेरीत ठाऊक होते. पायरीवर बसलेल्या माणसापर्यंत ते पोहोचलेलेच नव्हते. संयुक्त यजमानपद करारावर सही करणाऱ्यांचे राहिले आणि तिकीट काढणाऱ्याचे झाले नाही, म्हणजे असे होते. चार दिवसांनी लाहोरला श्रीलंकेने विश्वचषक जिंकला, ही त्या स्पर्धेची भरपाई म्हणावी.

पुढची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. 2011 ची स्पर्धा चार देशांना मिळाली होती; परंतु 2009 च्या मार्चमध्ये लाहोर येथे श्रीलंकेच्या संघावर हल्ला झाल्यानंतर पाकिस्तानच्या वाट्याचे सामने काढून घेण्यात आले. उरले भारत, श्रीलंका आणि बांगलादेश. उद्घाटन ढाक्याला झाले. कोलकात्याला, 2001 पासून शहराचे अधिकृत नाव हेच आहे, भारत-इंग्लंड सामना मिळाला होता. पण ईडन गार्डन्सची डागडुजी वेळेत पुरी न झाल्याने तो बंगळुरूला गेला. 2025 च्या चॅम्पियन्स करंडकाचा यजमान पाकिस्तान होता, तरी भारताचे सारे सामने दुबईला खेळविले गेले. भारत अंतिम फेरीत आल्यामुळे अंतिम सामनाही तेथेच झाला. विहीर आहे, पाळ्या आहेत, पण पाणी तिसऱ्याच्या शेतातून आणावयाचे, असा हा प्रकार आहे. खेळ बंद पडण्यापेक्षा तो बरा, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल.

फुटबॉलकडे वळावयाचे तर कोलकात्याइतके योग्य शहर भारतात दुसरे नाही. 2017 मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारताने एकट्याने भरविला. गुवाहाटीचे मैदान पावसाने खराब झाले, तेव्हा इंग्लंड-ब्राझील हा उपांत्य सामना आयत्या वेळी येथील सॉल्ट लेकच्या क्रीडांगणावर आणण्यात आला. पुढे अंतिम सामनाही येथेच होऊन इंग्लंडने स्पेनला 5-2 असे हरविले. यजमान बाहेर पडल्यावरही मैदान कसे भरते, हे या शहराने पुन्हा एकदा दाखविले. मोठ्यांच्या विश्वचषकाचा पसारा आता अठ्ठेचाळीस संघांचा झाला आहे. 2026 साठी अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको असे तीन यजमान नेमले गेले. 2030 साठी तर तीन खंडांतील सहा देश. इतका भार एकट्याने उचलणारे देश यापुढे थोडेच राहतील.

आपल्या बाजूने असा विचार कधी झालाच, तर तो एकदम विश्वचषकापासून सुरू होऊ नये असे वाटते. कोलकाता आणि ढाका ही फुटबॉलवेडी शहरे. एकच भाषा, एकच पावसाळा. ईस्ट बंगाल हा क्लब 1920 साली स्थापन झाला तो पूर्वेकडून आलेल्या लोकांच्या अभिमानातून, आणि फाळणीनंतर त्याचे हजारो चाहते ज्या गावांची नावे घेत राहिले ती गावे सीमेपलीकडे गेली. या दोन शहरांनी मिळून तरुणांची एखादी आशियाई स्पर्धा मागावी. तिच्या करारात खेळाडूंच्या विमानाआधी प्रेक्षकांच्या प्रवासाचे कलम असावे. दोन शहरांना जोडणारी मैत्री एक्स्प्रेस 2008 च्या एप्रिलमध्ये सुरू झाली होती. 2024 च्या जुलैमध्ये ती थांबली.