कापडावर उरलेले माहेरचे नाव

(माजिवडा, ठाणे येथे संक्रांतीच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



माजिवड्यातील जुनी बैठी घरे जाऊन तेथे उंच इमारती उभ्या राहिल्या. घर बदलताना आपण भांडी मोजून नेली. भिंतीवरची एक तसबीर मात्र कित्येकदा मागे राहिली. मॅटीच्या कापडावर भरलेला पोपट, खाली ‘सुस्वागतम्’ आणि कोपऱ्यात ‘कुमारी’ लिहून मुलीचे नाव व साल.

माझी आई सांगे, शाळेत शिवणाच्या तासाला धावदोरा, उलटी टीप, साखळी टाका असे सारे टाके आधी एका कापडावर घालावे लागत. मग घरे मोजून फुलीच्या टाक्याने अक्षरे भरायची. एक घर चुकले की ओळ उसवावी लागे. बाई कापड उलटे करून मागची बाजू तपासत.

ही रीत केवळ आपली नव्हे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बोस्टॉक हिने १५९८ साली नावासह भरलेला नमुना जतन केलेला आहे.

आपल्याकडे मात्र या नावाला आणखी एक अर्थ आहे. विवाहात मुलीचे आडनावच नव्हे, नावही बदलले जाई. कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना विवाहानंतर आनंदी झाली आणि १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाली. कुर्लेकरांची यमुना म्हणजेच रमाबाई रानडे. १९०९ साली पुण्यात स्थापन झालेल्या त्यांच्या सेवासदनात स्त्रियांना शिवणकामही शिकवले जाई. या दोघी थोर झाल्या, म्हणून त्यांची माहेरची नावे आपणांस ठाऊक आहेत. इतर असंख्य मुलींचे ते नाव, त्यांच्याच हातचे, कित्येकदा या कापडावरच उरले आहे. आणि हेच भरतकाम मुलगी पाहायला आलेल्यांपुढे ठेवले जाई! ज्या कापडाने नाव जपले, त्याच्याच बळावर ते नाव सोडून जायचे.

आईची तसबीर आम्ही घर सोडताना भंगारात दिली. तिने अडवले नाही. ती गेल्यानंतर तिच्या माहेरच्या नावाची एखादी खूण घरात शोधली. एकही सापडली नाही.

म्हणून एक विनंती. घरात असे कापड असेल तर ते उन्हापासून दूर, स्वच्छ सुती वस्त्रात ठेवा; प्लॅस्टिकमध्ये नको. ते कोणी, कोठे, केव्हा भरले, हे कागदावर लिहून सोबत ठेवा. भरणारी हयात असेल तर आजच तिच्याजवळ बसा आणि तिला त्या जुन्या नावाने एकदा हाक मारा.