दोन गोळ्या आणि टाकीतला बॉलकॉक

आजचा भाग जरा घरचा आहे. माझ्या गोळ्यांच्या डब्यात दोन गोळ्या असतात. एक एसिटॅलोप्रॅम, म्हणजे नैराश्यावरची, आणि दुसरी लिथियम. परवा आईनं विचारलं, "अगं, एकीनं भागत नाही का?" तिला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगते.

आधी माझी चूक कबूल करते. पहिल्यांदा नैराश्याची गोळी सुरू झाली, तेव्हा बाराव्या दिवशी मी ती माझ्या मनानंच बंद केली. मळमळ होत होती, झोप उडाली होती आणि मन होतं तिथंच होतं. म्हटलं, हे औषध आपल्याला लागू पडत नाही. त्यानंतरचे चार महिने फार वाईट गेले. बारा दिवसांत मेंदूत काय चाललेलं असतं हे तेव्हा कुणी समजावलं असतं, तर कदाचित थांबले असते.

तर ऐका. मेंदूच्या देठात काही पेशी आहेत, त्या सेरोटोनिन बनवतात आणि जवळजवळ सगळ्या मेंदूला पोचवतात. दोन पेशींमध्ये बारीक फट असते. एक पेशी त्या फटीत सेरोटोनिन सोडते, पुढची ते टिपते आणि उरलेलं पहिलीच परत ओढून घेते. माझी गोळी हे परत ओढणं अडवते. हा परिणाम काही तासांत सुरू होतो. मग बरं वाटायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही, का लागतात?

गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. पाणी वर आलं की बॉलकॉक उचलला जातो आणि नळ बंद होतो. सेरोटोनिनच्या पेशींवरही असेच बॉलकॉक आहेत. भोवती सेरोटोनिन वाढलं की ते पेशीला सांगतात, "पुरे, आता कमी सोड." म्हणजे सुरुवातीला गोळी पाणी अडवते आणि मेंदू नळच बारीक करतो! पुढे काही आठवड्यांत हे बॉलकॉक सैल पडतात आणि नळ पुन्हा वाहू लागतो. उशिराचं हे एक महत्त्वाचं कारण मानतात. मी नेमकी त्याच्या आधीच उठून गेले होते.

दुसऱ्या वेळी मी गोळी नीट, पुरेसे आठवडे घेतली. फरक पडला, पण अर्धाच. तेव्हा डॉक्टर मॅडमनी लिथियम जोडलं. मी घाबरले. लिथियम म्हणजे बायपोलरचं औषध ना? हो, 1949 मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी ते उन्मादासाठी वापरलं, तिथूनच त्याची आधुनिक गोष्ट सुरू झाली. पण 1981 मध्ये कॅनडात क्लोद द मॉन्टिन्यी आणि सहकाऱ्यांनी आठ रुग्णांबद्दल लिहिलं. जुन्या पद्धतीच्या नैराश्याच्या गोळ्यांनी त्यांना गुण आला नव्हता. लिथियम जोडल्यावर 48 तासांत ते सुधारले. त्यांचा तर्क असा होता की आधीच्या गोळ्यांनी पुढची पेशी सेरोटोनिनला जास्त दाद देऊ लागलेली असते, आणि लिथियम मागच्या पेशीकडून सेरोटोनिन जास्त सोडवतं. दोन्ही टोकांना काम झालं. सगळ्यांना इतक्या लवकर गुण येत नाही बरं का. मला तीन आठवडे लागले.

लिथियम तेवढ्यावर थांबत नाही. ते पेशीच्या आत शिरून, निरोप पुढे नेणाऱ्या काही एन्झाइमांना आवरतं. जीएसके-3 हे त्यातलं एक.

आता एक गैरसमज. "मेंदूत सेरोटोनिन कमी झालं म्हणून नैराश्य आलं," हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. 2022 मध्ये जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्याला ठोस पुरावा मिळाला नाही. म्हणून गोळ्या निरुपयोगी ठरत नाहीत. पॅरासिटामॉलनं ताप उतरतो, पण ताप काही पॅरासिटामॉल कमी पडल्यामुळे आलेला नसतो.

शेवटी महत्त्वाचं. लिथियमला रक्ततपासणी चुकवायची नाही. पातळी साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रति लिटर ठेवतात, 1.5 च्या वर विषबाधेचा धोका वाढतो. शिवाय किडनी आणि थायरॉइड तपासावे लागतात. जुलाब-उलट्या, कडक उन्हाळा, निर्जळी उपवास, अचानक मीठ तोडणं, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं, या सगळ्यांनी पातळी चढू शकते. हात जास्त थरथरले, तोल गेला, बोलणं अडखळलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आईनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे यंदा तुझी निर्जळी एकादशी बंद." एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

तुमची गोळी नवी असेल आणि आज बारावा दिवस असेल, तर बंद करण्याआधी डॉक्टरांना एक फोन करा. आणि जीव नकोसा वाटत असेल, तर उद्यावर ढकलू नका, आजच घरच्या कुणाला तरी सांगा. भेटू पुढच्या भागात.