फ्रेमचा काठ नको, पाठ बघा

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते, ती मृगाचा पाऊस येईपर्यंत. लग्न झालं, पूजा झाली, पाहुणे मुंबईला परतले, की फोटोग्राफरकडून अल्बम येतो. मग घरात चर्चा सुरू होते, कुठला फोटो भिंतीवर लावायचा आणि फ्रेम कसली करायची? आज त्यावरच बोलू या.

पोलादपूरला किंवा महाडला फ्रेमवाल्याकडे गेलं की तो आधी पट्ट्यांचे नमुने पुढे करतो. सोनेरी, नक्षीची, सागाच्या रंगाची. आणि आपण साडी निवडावी तशी फ्रेम निवडतो, म्हणजे काठ बघून. माझं म्हणणं इतकंच, की काठ नंतर बघा, आधी पाठ बघा. आपल्या भागात फोटो टिकतो की जातो, ते फ्रेमच्या पाठीवर ठरतं.

कारण आपला पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो. हे जिलेटिन प्राण्यांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून करतात. ओल लागली की ते मऊ होतं, चिकट होतं. फोटो काचेला टेकलेला असेल तर काचेलाच चिकटतो. आणि बुरशीला तर ते आयतं खाणं. जुन्या फोटोंवर पांढरे-तपकिरी ठिपके दिसतात ना, ते बहुतेक वेळा हेच.

म्हणून फ्रेमवाल्याला पहिली गोष्ट सांगायची, माउंट घाला. माउंट म्हणजे फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट. तिच्यामुळे काच आणि फोटो यांच्यात थोडी फट राहते. आठ बाय बारा इंचाचा फोटो असेल आणि चारी बाजूंनी दोन इंच माउंट घेतलं, तर आतलं माप बारा बाय सोळा होतं. हे घरूनच हिशेब करून जा, म्हणजे दुकानात गोंधळ होत नाही. दुसरी गोष्ट, फोटोमागे रद्दी वर्तमानपत्र घालू देऊ नका. तो कागद स्वतः पिवळा पडतो आणि फोटोवरही डाग पाडतो. तिसरी, फोटोला थेट चिकटपट्टी किंवा गोंद लावू नका. चौथी, मागचा हार्डबोर्ड बसवल्यावर कडेने कागदी पट्टी लावून फट बंद करून घ्या. कसर आणि झुरळं तिथूनच शिरतात.

आता पट्टीचं. लाकडाची फ्रेम देखणी असते, पण साध्या लाकडाला आपल्याकडे वाळवी लागते आणि पावसात ते फुगतं. चांगला सुका साग मिळत असेल तर उत्तम. नाहीतर फायबरची किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

फ्रेम लावायची कुठे? पावसाचा मारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. ज्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते ती आपल्याला पाठ असते, तिच्यावर फोटो नको. आतली, दोन खोल्यांमधली भिंत चांगली. थेट ऊन येतं तिथेही नको, रंग उडतात. जुन्या घरांत फोटो वरून पुढे झुकवून लावायचे, आठवतं? त्यामुळे मागे हवा खेळायची. आता आपण फ्रेम भिंतीला सपाट लावतो. मग एवढं करा, जुन्या रबरी चपलेचे दोन लहान तुकडे कापून फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना चिकटवा. भिंतीपासून फ्रेम जराशी सुटी राहते. आणि फार उंच लावू नका. आपल्या घरात माणसं खालीही बसतात, त्यांनाही दिसायला हवं.

ज्यांचं गावातलं घर बंद असतं, शिमगा, मे महिना आणि गणपती एवढंच उघडतं, त्यांनी मे महिन्यात परतताना फ्रेमा उतरवून ठेवाव्यात. सुती कापडात गुंडाळून, लोखंडी कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आत ओल असेल तर ती आतच कोंडते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मूळ फोटो भिंतीवर लावूच नका. प्रत काढून ती लावा. आजीचा काळा-पांढरा फोटो अजून स्पष्ट आहे, पण १९८०-९० च्या काळातले बरेच रंगीत फोटो लालसर होऊन फिकट पडलेत, ते परत मिळत नाहीत. आज त्यांची प्रत काढली तर आज आहेत तसे तरी राहतील. एक प्रत मुंबईच्या घरी द्या, एक माहेरी द्या. २२ जुलै २०२१ आपण कुणीच विसरलो नाही. महाडच्या बाजारपेठेत, घराघरांत पाणी शिरलं. तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडीत दरडी कोसळल्या. अशा वेळी माणसं वाचवायची, फोटो नव्हे. पण फोटो दुसऱ्या गावीही असला, तर निदान तो तरी राहतो.

फोटो भिजलाच, तर घाई करू नका. ओले फोटो एकावर एक वाळू देऊ नका, कायमचे चिकटतात. चिखल असेल तर स्वच्छ थंड पाण्यात हलकेच बुचकळा, चोळू नका. मग चित्राची बाजू वर ठेवून सावलीत, सुती कापडावर वाळवा. काचेला चिकटून वाळलेला फोटो ओढून काढू नका. काचेसकट तसाच ठेवा आणि काचेवरूनच त्याचा फोटो काढून घ्या.

आता कुठला फोटो? सासरच्या ओटीवर बहुतेक नवरा-नवरीचा एक आणि सासरच्या मंडळींचा एक असे फोटो असतात. मी म्हणते, तिसरा सुनेच्या आई-वडिलांबरोबरचा असू द्या. ती रोज त्या भिंतीसमोरून जाते-येते.

आणि इथे पुन्हा पाठ आलीच. जुन्या फोटोतल्या पुरुषांची नावं घरात कुणीतरी सांगतं. बायकांचं काय? ही अमक्याची बायको, ती तमक्याची सून. लग्नात नाव बदललेलं असलं तर माहेरचं नाव, माहेरचं गाव नातवंडांना ठाऊकच नसतं. एका कागदावर प्रत्येकीचं माहेरचं नाव, गाव, लग्नाची तारीख लिहा आणि तो कागद फ्रेमच्या मागे चिकटवा. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका, पुढून वळ उठतात. लिहायचंच असेल तर कडेला मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. सासूबाईंना विचारून आजच लिहा. त्या आहेत तोवरच हे कळणार आहे.

शेवटचं एक. नवरा गेला की काही घरांत लग्नाचा फोटो उतरवतात. त्याच फोटोतून त्याचा चेहरा कापून मोठा करतात, त्याला हार घालतात, आणि शेजारी उभी असलेली ती बाहेर राहते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं बंद केलं. मग राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. भिंतीवरच्या फोटोसाठी तर ठरावाचीही गरज नाही. त्याचा वेगळा फोटो हवा तर प्रतीतून करून घ्या. पण लग्नाचा फोटो तिला हवा असेल, तर तो जागेवरच राहू द्या. ते लग्न तिचंही होतं.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या रविवारी घरातली एक फ्रेम खाली काढा आणि उलटी करून बघा. ओल आहे का, नावं आहेत का.