प्रेमकथेचा उत्तरार्ध



ऊसतोड मजुरांची संघटना बांधण्यात आमचे आयुष्य गेले. आम्ही प्रेमकथेवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण आमच्या एका मजूर-स्नेह्याच्या मुलीने एक प्रेमकथा लिहिली आणि आता तिला पुढचा भाग लिहावयाचा आहे. पहिल्या भागाच्या अखेरीस नायिकेवर मोठा आघात होतो. "काका, ती त्यातून सावरते कशी, तेच लिहिता येईना," असे ती म्हणाली. त्या वेळी आम्ही निरुत्तर झालो. उत्तर आज देतो.

आम्हांला शाळा फारशी लाभली नाही. संस्कृत नाटके वाचली ती मराठी भाषांतरांतून. त्यांतच भवभूतीचे 'उत्तररामचरित' हाती आले. आठव्या शतकातला हा कवी आपले घराणे पद्मपूरचे सांगतो आणि ते गाव पुष्कळ अभ्यासक विदर्भात मानतात. त्याच्याच 'महावीरचरिता'चा हा पुढचा भाग. तिकडे लंका जिंकली, राज्याभिषेक झाला. एरवी कथा इथेच संपावयाची. इकडे पहिल्याच अंकात वनवासाची चित्रे पाहताना शूर्पणखा दिसते आणि सीता दचकते. राणी झाली, पण वनवास अंगातून गेलेला नाही! आणि त्याच अंकात लोकापवादापायी राम तिचा त्याग करतो.

मध्ये बारा वर्षे जातात. तिसऱ्या अंकात दोघेही पंचवटीत येतात; आपल्या जिल्ह्याच्या उत्तर शिवेवरून वाहते तीच ही गोदावरी. सीता रामाला दिसत नाही, पण तिला सारे ऐकू येते. वनदेवता वासंती रामाला त्याच्या निर्दयपणाबद्दल बोल लावते. तो रडतो, मूर्च्छित होतो. सीतेच्या स्पर्शाने सावध होतो. यज्ञात त्याने शेजारी सोन्याची सीता बसविली, हे ती त्याच्याच तोंडून ऐकते आणि तिच्या मनातले त्यागाचे शल्य निघते.

तरीही मीलन होत नाही. ते सातव्या अंकात होते. वाल्मीकी साऱ्या प्रजेसमोर सीतेचे दुःख नाटकरूपाने मांडतात, अरुंधती नागरिकांना जाब विचारते, प्रजा सीतेपुढे नमते. मगच ती परत येते. वाल्मीकिरामायणात सीता भूमीत जाते. भवभूतीने शेवट गोड केला, पण त्याची किंमत रामाकडून आणि रयतेकडूनही वसूल केली.

आता आपल्या घरची गोष्ट. आपल्याकडे नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात आणि मुकादमाची उचल त्या कोयत्यावर मिळते. जोडीतले एक माणूस आजारी पडले की कोयता मोडला. 2019 साली सरकारी समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अशीच एक बाई आमच्या बैठकीत उठून म्हणाली, "टाके निघाले तसं समदे पुसाया लागले, उसाला कधी जायचं? दुखतंय का, ते कुणी पुसलं न्हाई." त्यापूर्वी तासभर आम्ही उचल आणि तोडणीचा दर यांवर बोलत होतो. आम्हीही विचारले नव्हते.

म्हणून त्या मुलीला आमचे सांगणे असे. नायिकेला बरे करण्यासाठी नवा राजबिंडा तरुण आणू नकोस. ज्याने दुखावले त्याला कबुली देऊ दे. ती तिला ऐकू दे. क्षमा करावयाची की नाही, ते तिचे तिला ठरवू दे. रात्री चित्र पाहून ती दचकली, तर दचकू दे. आणि शेवटच्या प्रकरणात दोघांनाच कोपीत बसवून दार लावू नकोस. गाव बोलाव, मुकादम बोलाव. आम्हां संघटनावाल्यांनाही त्या गर्दीत उभे कर आणि मान खाली घालावयास लाव.